मावशीच्या जागेतून गेलेला चर

तुमच्या घरासमोरचा फोटो पोचला. हिरवळीत कुणी नखाने ओढावी तशी एक रेघ, शेजारी बेताचं एक यंत्र आणि कानांना डबे लावलेली दोन माणसं. खाली तुम्ही लिहिलं आहे, 'आजी, सकाळी खणलं, केबल घातली आणि दुपारी बुजवूनसुद्धा टाकलं.' वाचून मला तुमची दयाच आली. घरात नवी लाइन येते आणि शेजाऱ्यांची एक सभा नाही, रुसवेफुगवे नाहीत, चराच्या काठावर खुर्च्या नाहीत. अशाने माणसं एकमेकांना ओळखणार कशी?

आपल्या दादरच्या इमारतीत गेल्या थंडीत पाइपचा गॅस आला. त्यासाठी गेटापासून जिन्यामागच्या भिंतीपर्यंत एक चर खणायचा होता. तुमचा बाबा लहानपणी तेवढं अंतर एका दमात लंगडी घालत जायचा. तेवढ्याशा चरापायी आमच्या इमारतीतल्या शिकल्यासवरल्या माणसांनी काय काय केलं, ते लिहून कळवते. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही 'हो आजी, हो आजी' म्हणत दुसरंच काहीतरी बघत असता. मला दिसतं ते.

आधी मावशी. इथे आलात की जिच्या टोपलीतले खेकडे बघायला धावता, तीच. गेटातून आत शिरलं की डाव्या हाताला, खांबाच्या आडोशाला, बदामाच्या झाडाखाली ती मासे घेऊन बसते. तिच्याआधी तिची सासू तिथेच बसायची. कोळीवाड्यातून पहाटे निघायचं, धक्क्यावर माल घ्यायचा, आमच्याकडे येऊन विकायचा, आणि दुपारी जागा पाण्याने खराटून धुवायची नि घरी जायचं. इमारतीतले सगळे तिला मावशी म्हणतात, मी सोडून. मी तिच्याहून बरीच मोठी, म्हणून मी तिला 'अगं' म्हणते. ती मला 'वयनी' म्हणते आणि एकेरीत बोलते. ती सगळ्यांशीच एकेरीत बोलते. उद्या कलेक्टर समोर उभा राहिला तरी 'काय घेतंस रे, लवकर बोल' असंच म्हणेल.

ती गेटाच्या आत बसते, यालाच सगळं महत्त्व आहे. आत ती आमची मावशी, बाहेरच्या फुटपाथवर ती अतिक्रमण. फुटपाथवर बसणाऱ्यांना उचलायला पालिकेची गाडी येते. टोपली, तराजू, कोयता, बसायची फळी, सगळं गाडीत. मासे त्या दिवशी गेले ते गेलेच. गेटाच्या आत मात्र ती गाडी येत नाही. म्हणजे त्या एका खांबाच्या या बाजूला बसायचं की त्या बाजूला, यावर तिच्या घरची चूल पेटायची की नाही ते ठरतं.

आणि भवानी. दिवसाच्या पहिल्या विक्रीला भवानी म्हणतात, एवढं तरी तुमच्या आईने सांगितलं असेल. भवानी ज्याच्या हातची, तसा दिवस जातो अशी मावशीची पक्की समजूत. गेली कित्येक वर्षं तिची भवानी माझ्या हाताने होते. मी पैसे दिले की ती ते कपाळाला लावते, टोपलीवरून ओवाळते आणि मगच दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघते. मी इंग्रजी शाळेत शिकले, जन्मभर ऑफिसात टेबलाशी बसून नोकरी केली, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण रोज सकाळी कुणीतरी आपला हात शुभ मानतं, याची सवय फार लवकर लागते. शिवाय भवानी करणाऱ्याला पापलेट निवडून मिळतं.

आता दुसरी बाजू. आमचे सेक्रेटरी. बँकेतून निवृत्त झाले आणि तिथला सगळा अधिकार बरोबर घरी घेऊन आले. त्यांच्याकडे एक गाडी आहे. ती ते चालवत नाहीत, तिला कव्हर नेसवतात. सणावाराला कव्हर धुतात, गाडी त्याखाली तशीच. तिच्यासाठी गेटाच्या उजवीकडे त्यांनी खास टाइल्स बसवून घेतल्या आहेत. त्या टाइल्सवर आमच्यापैकी कुणी चपला घालून उभं राहिलं तरी ते वरच्या गॅलरीतून खाकरतात.

गॅस कंपनीचा सुपरवायझर जागा बघायला आला, तेव्हा घोळ तिथेच सुरू झाला. तरुण मुलगा, काखेत हेल्मेट, आवाज शांत. त्याच्याभोवती आमची अर्धी इमारत गोळा झालेली. माझं स्वयंपाकघर तळमजल्यावर आणि खिडकी थेट गेटासमोर, त्यामुळे मला जागचं हलायची गरज पडत नाही. त्याने बोटाने रेघ ओढून दाखवली. गेटातून सरळ, उजव्या भिंतीच्या कडेने, गाडीखालून, जिन्यामागे.

"गाडीखालून?" सेक्रेटरी म्हणाले. "टाइल्सचं काय?"

"पुन्हा बसवून देऊ, सर."

"तशा टाइल्स आता मिळत नाहीत."

"मग डावीकडून वळवावी लागेल," मुलगा म्हणाला. "पण एक लक्षात घ्या. सरळ नेली तर व्हॉल्व्हचा चेंबर गेटाबाहेर बसतो. वळवली तर तो आत, त्या डाव्या कोपऱ्यात घ्यावा लागेल. आणि चेंबरवर कायमचं काही ठेवता येत नाही. गाडी नाही, कुंडी नाही, वॉचमनची केबिन नाही. काही झालं तर झाकण त्या क्षणी उघडता आलं पाहिजे."

हे त्याने नीट, सावकाश सांगितलं. पण नेमक्या त्याच वेळी गॅस आधी कुठल्या मजल्यावर सुरू होणार यावरून पहिला आणि तिसरा मजला एकमेकांवर तुटून पडले होते. मुलगा थांबला, त्यांचं शमल्यावर तेच सगळं पुन्हा एकदा म्हणाला. तोवर सेक्रेटरी खाली वाकून टाइल्सवरची धूळ रुमालाने पुसत होते.

रविवारी जिन्याखाली सभा भरली. प्लास्टिकच्या खुर्च्या, चहा, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर देशाचं धरण बांधायला निघाल्याचा भाव. सेक्रेटरींनी प्रस्ताव मांडला: लाइन डावीकडून, मावशीच्या कोपऱ्यातून वळवावी.

"म्हणजे तो एक प्रश्नही परस्पर सुटेल," ते म्हणाले. "कामासाठी त्यांना उठावंच लागेल. मग आपण परत बसवायचं कारण नाही. कुणी कुणाला हाकलून दिलं असं होत नाही."

दुसऱ्या मजल्यावरच्या प्राध्यापिकाबाई आहेत ना, त्या कॉलेजात पर्यावरण शिकवतात आणि बाजारातून मेथीची एक जुडी चार पिशव्यांत आणतात. त्या टाळी वाजवून म्हणाल्या, "आणि तिथे आपण मोठे प्लांटर्स ठेवू या! गवती चहा, पुदिना, ओवा. एंट्रन्सला काय लुक येईल! आत्ता पाहुणे आले की पहिला बोंबलांचा वास."

"वास तर येतोच," तिसरा मजला म्हणाला.

तिसऱ्या मजल्याच्या मोरीतून शुक्रवारी कोळंबीची सालं वाहून माझ्या खिडकीखालच्या गटारात येतात. पण वास मात्र मावशीचा! सभेत बसलेल्यांपैकी एकही घर असं नव्हतं, जे तिच्याकडून मासे घेत नाही. 'मावशी, सुरमईचे तुकडे जरा जाड कापा' म्हणणारी तोंडं तीच, आणि 'सोसायटीचा दर्जा' म्हणणारीही तीच. मासे हवेत. ते समुद्रातून आपोआप फ्रीजमध्ये यावेत, मध्ये कोळीण दिसू नये, एवढीच अपेक्षा.

मी उठले. म्हटलं, "त्या मुलाने सांगितलं आहे, वळणावर चेंबर येणार. त्यावर कुंड्या ठेवता येणार नाहीत."

"काकू," सेक्रेटरी हसून म्हणाले, "ते टेक्निकल आहे. ते कंपनी बघेल. तुम्ही चहा घेतलात का?"

मी खाली बसले. चहा घेतला. आणि तो घेता घेता माझ्या लक्षात आलं की सरळ लाइन गेली असती, तर मावशीच्या कोपऱ्यात यांना आज ना उद्या कुंड्या ठेवता आल्याच असत्या. काहीतरी निमित्त काढलंच असतं. पण लाइन तिथून वळली, तर त्या कोपऱ्यात या लोकांना कायमचं म्हणून काहीही ठेवता येणार नव्हतं. तिथे बसू शकेल असं एकच काहीतरी, जे सकाळी येतं, दुपारी उठून जातं आणि वेळ आली तर टोपली उचलून बाजूला होतं. हे लोक स्वतःच्या हाताने, स्वतःच्या खर्चाने मावशीची जागा पक्की करून द्यायला निघाले होते. त्यांना अडवणारी मी कोण?

मतदान झालं. मी हात वर केला. सेक्रेटरींना इतकं बरं वाटलं की त्यांनी मला आणखी एक बिस्किट दिलं.

ही बातमी मावशीपर्यंत पोचायला दुसरा दिवस उजाडावा लागला नसता, पण रविवारी ती लवकर जाते. सोमवारी वॉचमनने तिची टोपली उतरवायला हात लावतानाच सगळं सांगून टाकलं. मी नेहमीप्रमाणे पैसे आणि पातेलं घेऊन गेले.

"वयनी," ती वर न बघता म्हणाली, "तू पन हात वर केलास?"

"केला."

"खंचा?"

"उजवा."

"ह्याच हातानं माझी भवानी करतंस गो इतकी वर्सं!" तिने माझ्या हातातल्या पैशांकडे पाहिलंसुद्धा नाही. "ठेव ते. आज शेजारच्या बिल्डिंगीतली बाय येल, ती करल."

मला तिला सगळं सांगता आलं असतं. पण मावशीला गुपित सांगायचं म्हणजे हिंदमाताच्या नाक्यावर कर्णा लावायचा. तिचा आवाज धक्क्यावरच्या गोंगाटात वाढलेला. ती 'कुणाला सांगू नको' हे वाक्यसुद्धा रस्त्यापलीकडे ऐकू जाईल असं म्हणते. सेक्रेटरींच्या कानावर शब्द गेला असता तर त्यांनी टाइल्सवर पाणी सोडलं असतं, पण लाइन सरळ नेली असती. म्हणून मी गप्प राहिले आणि रिकामं पातेलं घेऊन घरी आले. त्या दिवशी मुगाचं बिरडं केलं. तुमच्या आजोबांनी पानाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि समंजसपणे जेवले.

मग खणायला माणसं आली. सोलापूरकडचं एक नवरा-बायकोचं जोडपं. तो पहार मारायचा, ती घमेल्यातून माती काढून बाजूला ढीग करायची. आणि काम सुरू झालं म्हटल्यावर आमच्या इमारतीतल्या निवृत्त पुरुषांना जो काही बहर आला, तो मी त्यांच्या लेकींच्या लग्नांतही पाहिला नव्हता. सकाळी अंघोळी आटोपून, वर्तमानपत्रं घेऊन, खुर्च्या उचलून चराच्या काठाशी हजर. घरात झारा कुठे टांगलेला असतो हे ज्यांना ठाऊक नाही, ते पहार कशी धरावी ते सांगत होते.

"अहो, तिरकी मारा, तिरकी!"

"खोली कमी पडतेय. आमच्या गावाला विहीर खणली तेव्हा..."

"तुमच्या गावाला विहीर तुम्ही खणलीत?"

"मी नाही. पण मी होतो ना तिथे."

त्या बाईने मला एकदा पाणी मागताना हळूच विचारलं, "आजी, हे सगळे साहेब कंपनीचे आहेत का?" मी म्हटलं, "नाही गं, घरचेच आहेत. घरात त्यांना कुणी विचारत नाही." ती पदराआड हसली आणि तांब्या रिकामा करून गेली.

चरातून काय काय निघालं! चेंडू, एक शटलकॉक, आणि स्टीलची एक वाटी. वाटीवर नाव कोरलेलं होतं. कुणाच्या तरी सासूचं असणार, पण मातीत गेलेल्या वाटीला कुणी वारस मिळाला नाही. ती त्या खणणाऱ्या बाईने धुऊन तंबाखू-चुन्याला घेतली. उत्तम झालं.

आणि मावशी? तिच्या कोपऱ्याचा आता खड्डा झाला होता. ती समोरच्या फुटपाथवर, विजेच्या खांबाशी बसू लागली. सावली नाही, आडोसा नाही. एक डोळा माशांवर, एक रस्त्याच्या टोकाला. सुरमई तोलताना बोलायची थांबायची, मान वळवायची, मग पुन्हा बोलायची. आम्हा सगळ्यांना तिच्याकडे जायला रस्ता ओलांडावा लागे, याबद्दल इमारतीत फार हळहळ व्यक्त झाली. 'ट्रॅफिक किती असतं हो,' असं प्राध्यापिकाबाई मला म्हणाल्या. मावशीलाही तेच ट्रॅफिक असतं हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

चर खणून झाला आणि तसाच उघडा पडून राहिला. पाइप यायचा होता, मग पाइप जोडणारा यायचा होता. तोवर ते जोडपं ढासळलेली माती काढत राहिलं आणि काठावरच्या खुर्च्याही हलल्या नाहीत. गेटातून आत यायला एक फळी टाकली होती. अशात एका सकाळी ती गाडी आली.

मला खिडकीतून आधी मावशीच दिसली. डोक्यावर टोपली, हातात तराजू, आणि तिच्या वयाला न शोभेल अशा वेगाने रस्ता कापून गेटाकडे. फळीच्या अलीकडे तिचे पाय थांबले. खुर्चीतून सेक्रेटरी हात वर करून म्हणत होते, "मावशी, आत नाही, आत नाही! काम चालू आहे, पडाल!"

मी खिडकीतून ओरडले, "अगं, इकडे ये! माझ्या घरात ठेव!"

"तुझ्या घरान?" तिने एवढ्या घाईतही वेळ काढून मला उत्तर दिलं. "तू हात वर केलास!"

आणि तिने काय करावं? टोपली सरळ चरात उतरवली. खाली उभ्या असलेल्या त्या सोलापूरच्या बाईने ती दोन्ही हातांनी झेलली, तळाशी ठेवली, वर ताडपत्री ओढली आणि तिच्यावर घमेलं उपडं करून कडेला टेकून बसली. मावशी फळीच्या टोकाशी पदराने घाम पुसत उभी, जणू खड्डा बघायलाच आलेली. आमच्याकडे खड्डा बघायला कुणीही येतं, त्यामुळे यात वावगं काही दिसलं नाही.

गाडीतून दोघे उतरले आणि गेटात आले. "मासेवाली बसली होती इथे. कुठे गेली?"

खुर्च्यांवरची वर्तमानपत्रं एकदम वर झाली. चरातून बोंबलांचा घमघमाट वर येत होता. मी सेक्रेटरींकडे पाहत होते. नियमाचा माणूस, नियम त्यांच्या बाजूने, आणि बोट दाखवलं की आयुष्यभराचा प्रश्न मिटणार. त्यांचं तोंड उघडलंसुद्धा.

वरच्या गॅलरीतून त्यांच्या पत्नीचा आवाज आला, "अहो! आपली सुरमई तिच्याकडेच आहे हं कापायला! संध्याकाळी जावई येतायत!"

सेक्रेटरींनी तोंड मिटलं. मग घसा साफ करून त्या दोघांना म्हणाले, "इथे गॅसचं काम चालू आहे. खासगी जागा आहे. कृपया बाहेर व्हा."

गाडी गेली. मावशीने टोपली वर घेतली, सेक्रेटरींसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, तुझी सुरमई चांगली थंड झालीय. घे." त्यांनी घेतली. पण जागेचा विषय त्यांनी काढला नाही आणि तिनेही नाही. तराजू मात्र पळताना रस्त्यात पडला होता, तो गाडीवाले उचलून घेऊन गेले होते. पुढचे काही दिवस ती कोळीवाड्यातल्या जावेचा तराजू आणायची. त्या जावेशी तिचं भांडण होतं, म्हणजे त्या तराजूचं ओझं किती असेल याची कल्पना करा.

यथावकाश पिवळा पाइप आला, बसला, चर बुजला, वर फरशा बसल्या. डाव्या कोपऱ्यात लोखंडी झाकण आलं. आणि ते झाकण दिसेनासं करण्याची इतकी घाई झाली की सुपरवायझर गॅस सोडायला यायच्या आधीच टेम्पोतून सिमेंटच्या कुंड्या येऊन पडल्या. हंड्याएवढाल्या. पुदिना, ओवा, गवती चहा. प्राध्यापिकाबाईंनी नारळ फोडला. सेक्रेटरींनी चार शब्द म्हणून बरेच शब्द सांगितले. समोरच्या फुटपाथवरून मावशी तो सोहळा पाहत होती. तिने एका गिऱ्हाइकाला मोठ्याने म्हटलेलं मी ऐकलं, "पुदिना खा आता. माशांत घालाला कामाला येल."

सुपरवायझर आला तो थेट कोपऱ्याशी थांबला.

"चेंबर कुठाय?"

सगळ्यांनी कुंड्यांकडे बघितलं.

"हे हलवा," तो म्हणाला. "हे हलवल्याशिवाय गॅस सुरू करता येणार नाही."

"अहो, पण हे तुम्ही आम्हाला आधी सांगायला हवं होतं!" सेक्रेटरी म्हणाले.

"सांगितलं होतं, सर. दोनदा."

"कुणाला?"

"सगळ्यांना."

मी खिडकीतून म्हटलं, "मी ऐकलं होतं. सभेतही सांगितलं होतं."

सेक्रेटरींनी माझ्याकडे वळून पाहिलं. "काकू, जरा जोरात सांगायचं!"

कुंड्या हलवायला चार हमाल लागले. ठेवायच्या कुठे? जागा एकच मोकळी होती: त्या खास टाइल्ससमोर. म्हणून आता सेक्रेटरींची गाडी पुदिन्याने कोंडलेली आहे. बाहेर काढायची म्हटली तर हमाल बोलवावे लागतील. ती बाहेर निघतच नव्हती, त्यामुळे व्यवहारात काही फरक पडलेला नाही.

रिकाम्या झाकणाकडे बघत सेक्रेटरींनी शेवटचा प्रयत्न केला. "निदान एखादी स्कूटर?"

"नाही."

"बाक? लाकडी? हलका?"

"नाही, सर. माणूस बसला तर चालेल. माणूस उठतो."

इतका वेळ रस्त्यापलीकडे जिचे कान टवकारलेले होते, तिला कुणी बोलवावं लागलं नाही. मावशीने टोपली उचलली, रस्ता ओलांडला, गेटातून आत आली, झाकणावर पाणी शिंपडलं आणि फळी टाकून बसली.

सेक्रेटरी म्हणाले, "तात्पुरतं हं, मावशी."

"व्हय साहेब," ती म्हणाली. "माझी सासू पन तात्पुरतीच बसली व्हती."

दुसऱ्या दिवशी मी पैसे आणि पातेलं घेऊन गेले. तिने मला उभं ठेवलं. मग मी सगळी हकिकत सांगितली: चेंबर, वळण, सभा, हात वर का केला ते. ती कोळंबी सोलत ऐकत राहिली.

"मग मना तवाच का नाय सांगलास?"

"तू गप्प बसली असतीस?"

तिने विचार केला. अगदी प्रामाणिकपणे केला, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "नाय," ती म्हणाली. मग माझ्या हातातले पैसे घेतले, कपाळाला लावले, टोपलीवरून ओवाळले. पापलेट मात्र त्या दिवशी तिने मला निवडून दिलं नाही. ते आठवडाभर दिलं नाही. तराजूचा राग कुणावर तरी काढायला हवाच होता.

गॅस सुरू झाला. प्रत्येक घरात पहिलं काय शिजलं ते जिन्यात उभं राहिलं की कळत होतं, आणि प्राध्यापिकाबाईंच्या दारातून येणारा वास पुदिन्याचा नव्हता. घासाघीस करायला लोक आता मावशीकडे जातात, पण पूर्वीसारखी मजा उरलेली नाही. परवा तिसरा मजला बोंबलांवरून हुज्जत घालत होता. मावशीने सगळं ऐकून घेतलं, जागच्या जागी थोडी सरकली, फळीखालच्या लोखंडी झाकणावर कोयत्याने टकटक केलं आणि म्हणाली, "जास्ती बोलू नको गो बाय. तुझा गॅस माझ्या बुडाखाली हाय."